माझी फाईल तू वाचायचीस

वसुधा, मी तुझ्यावर रागावलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणते. पण आपण दोघं त्या बाकावर बसून किती भांडायचो, हे तिने कुठे पुरतं ऐकलंय.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी धड एका जागी बसलेलो नाही. जेवता जेवता उठतो. कॉलेजची वही उघडतो, मिटतो. कॉलनीच्या फाटकापर्यंत जातो आणि तिथला वॉचमन "एनु?", म्हणजे काय हवंय, असं कन्नडमध्ये म्हणाला की परत फिरतो. डॉक्टरांनी मला भरपूर चालायला सांगितलंय, त्यामुळे घरात कुणी काही बोलत नाही. काल मी आनेकलला जाऊन आलो. ते सांगायलाच लिहायला बसलोय, पण एकदम तिथे पोचता येत नाही. मधलं सगळं ओलांडून जावं लागतं, आणि मधलं बरंच आहे.

तो बाक तुला आठवतोय ना? म्हणजे आठवत असणारच, माझ्या आधी चार महिने तू तिथे बसत होतीस. मला तेव्हा वीस पूर्ण व्हायची होती. मानेवर गाठ आली होती आणि घरात सगळे तिला टीबीची गाठ म्हणत होते. बाबा इंजिनियर माणूस, सरकारी कारखान्यात सबंध विभाग सांभाळणारे, पण तेही टीबीच म्हणायचे आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायचे. टीबीच्या औषधाने केस का गळतात, हे मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

हॉस्पिटलात डावीकडे लहान मुलांचा वॉर्ड होता, भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवलेले. उजवीकडे मोठ्यांचा, तिथे बहुतेक सगळे आजोबा, विड्या ओढून ओढून घसा घालवलेले. मुलांच्या वॉर्डातली सिस्टर मला म्हणायची, तू मोठा आहेस, तिकडे जा. मोठ्यांच्या वॉर्डात गेलो की आजोबांच्या सुना माझ्याकडे बघून चुकचुकायच्या आणि आईला विचारायच्या, एकुलता एक का? दोन्हीकडून हाकललेला मी मधल्या पॅसेजमध्ये येऊन बसलो, तर बाकावर तू होतीस. डोक्याला हिरवा स्कार्फ, एक पाय सरळ पुढे टाकलेला, शेजारी कुबडी, मांडीवर दहीभाताचा डबा.

आई माझ्याशी मराठीत बोलली म्हणून तू मान वळवलीस. "तुम्ही आमची माणसं का? बसा की. मी स्वल्प सरकते," म्हणालीस. आईला तुझं मराठी ऐकून हसू आलं. तीन पिढ्या मल्लेश्वरममध्ये काढलेल्या घरातलं मराठी, त्यात निम्मं कन्नड. पण आईला तू लगेच आवडलीस, कारण औषधाच्या खिडकीवर जाताना तिने फाईलची पिशवी तुझ्या हातात दिली. मला ती त्या पिशवीला हात लावू द्यायची नाही. घरी ती कपाटात असायची, कुलूप लावून.

आई वळणावर दिसेनाशी झाली आणि तू फाईल बाहेर काढलीस.

"वाचू?" तू विचारलंस. "यांनी तुला काय सांगितलंय?"

मी सांगितलं, टीबीची गाठ.

तू दहीभाताचा हात रुमालाला पुसलास. पानं उलटलीस, एक बोट ओळींवरून फिरवलंस. मग फाईल मिटून म्हणालीस, "टीबी नाही रे. कॅन्सर आहे. माझापण कॅन्सरच, पण दुसरा. तुझा बरा होणारा आहे, असं डॉक्टरने लिहिलंय. माझी फाईल मला दाखवत नाहीत, अण्णांकडे असते. तू मागून वाचशील?"

मला खरं तर हादरायला हवं होतं. पण मला भूक लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तुझ्या डब्यातला उरलेला दहीभात मी खाऊन टाकला आणि सिस्टरने येऊन दोघांना झापलं, की एकमेकांचं उष्टं खाता, अक्कल आहे का.

पुढच्या गुरुवारी अण्णा, म्हणजे तुझे वडील, कॉफी प्यायला निघाले तेव्हा मी म्हटलं, द्या फाईल, मी धरतो. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण मुकाट्याने दिली. गुडघ्याजवळच्या हाडात काय होतं, ऑपरेशनमध्ये किती हाड काढलं, पुढे काय काय होऊ शकतं, सगळं मी तुला वाचून दाखवलं. तुला घरी 'हाड सडलंय' एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधीच तुला संशय आला होता, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "सरी, बरं. आता निदान झोप लागेल."

तिथून आपला कायदा सुरू झाला. आपल्याला आपली फाईल कुणी देत नाही, पण दुसऱ्याची देतात. मग माझी तू वाचायची, तुझी मी. आधी आकडे सांगायचे, मग मत. 'ठीक' आणि 'छान' या दोन शब्दांना तू बंदी घातली होतीस. ते शब्द घरची माणसं वापरतात, म्हणालीस. मी एकदा "पांढऱ्या पेशी ठीक आहेत" म्हणालो तर तू कुबडीने माझ्या चपलेवर मारलंस. "किती? ठीक म्हणजे किती?"

कॉलेजचे मित्र सुरुवातीला यायचे. सफरचंदं आणायचे, क्रिकेटबद्दल बोलायचे, मग घड्याळाकडे बघायचे. त्यांना दोष देत नाही. माझ्या डोक्याकडे न बघता माझ्याशी बोलणं किती अवघड आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि मलाच त्यांची दया यायची. तुझ्या मैत्रिणींची लग्नं होत होती. पत्रिका यायच्या आणि तुझी आई त्या तुला दिसू नयेत म्हणून लपवून ठेवायची. हे तू मला हसत सांगितलंस, आणि मग तासभर एक शब्द बोलली नाहीस. त्या तासभरात मीही बोललो नाही. असं गप्प बसायला मला दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या भुवया गेल्या तेव्हाचं आठवतं? कॉलेजात तोंडी परीक्षा होती. तू तुझ्या पेन्सिलने मला भुवया काढून दिल्यास, आणि डावी जरा वर गेली. परीक्षकांना सबंध वेळ वाटत राहिलं की त्यांच्या प्रत्येक प्रश्नाने मी थक्क होतोय. मार्क बरे पडले.

आणि ते दुसरं. मला डॉक्टरांना एक गोष्ट विचारायची होती आणि बाबांसमोर विचारता येत नव्हती. या औषधांनंतर मला पुढे मुलं होतील का? तुला सांगतानाही माझे कान तापले होते. तू उठलीस, कुबडी टेकत सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरलीस आणि खणखणीत आवाजात विचारलंस. डॉक्टरांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, मग परत तुझ्याकडे, आणि अतिशय गंभीर होऊन आपल्या दोघांना खुर्च्या दिल्या. तू गैरसमज दूर केला नाहीस. उत्तर मिळेपर्यंत नाहीच केलास. नंतर बाकावर बसून तू इतकी हसलीस की तुला खोकला आला.

तो खोकला मी मनावर घेतला नाही. आता घेतो.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, सुमित्रावरून. तुझी मोठी बहीण, तुझी अक्का. चार वर्षांपूर्वी तिने कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं, तो आपल्यातला नव्हता, आणि ती आनेकलला राहायला गेली. तेव्हापासून तुझ्या घरात 'अक्का' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. मी तुझ्याहून तीन वर्षांनी लहान म्हणून एकदा तुला अक्का म्हणालो, तेव्हा तू म्हणालीस, नको, आमच्याकडे ते खातं बंद आहे. तुझा राग मात्र घरच्यांसारखा नव्हता. लग्नाचा तुला राग नव्हताच. तिने तुला सांगितलं नाही, याचा होता. एका खोलीत वाढलो, एका ताटात जेवलो, आणि मला दुसऱ्यांकडून कळावं?

मी म्हणायचो, मग जा ना. मार्केटच्या स्टँडवरून बस आहे, दीड-दोन तासांचा रस्ता. तू म्हणायचीस, केस येऊ देत. मी म्हणायचो, केसांचा काय संबंध? तू म्हणायचीस, "मला तिच्याशी भांडायचंय रे. टकल्या माणसाशी कोण भांडतं? ती रडेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि माझं भांडण राहूनच जाईल." मी हट्टाने म्हणायचो की हा निव्वळ बहाणा आहे. तू म्हणायचीस, तुला बहीण नाही, तुला काय कळणार.

एके दिवशी तू माझी फाईल उघडलीस आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने आनेकलचा पत्ता लिहिलास. कुठून मिळवलास कोण जाणे. "हा तुझ्याकडे असू दे," म्हणालीस. "मी बरी झाले तर आपली आपण जाईन. पण तशी वेळ नसेल, तर माझ्या फाईलमध्ये तुलाच आधी दिसणार. तेव्हा सांग. मग मी टकलीच जाईन." मी हो म्हणालो. आपल्यात शपथा वगैरे नव्हत्या, नुसतं हो होतं.

आणि मग तो गुरुवार आला. आपल्या दोघांचे स्कॅन एकाच आठवड्यात झाले होते. आईने पिशवी तुझ्याकडे दिली. तू माझा रिपोर्ट वाचलास आणि पॅसेजभर ऐकू जाईल अशा आवाजात आकडे सांगितलेस. मानेत काही नाही, छातीत काही नाही, पोटात काही नाही. तुझा चेहरा असा फुलला होता की पलीकडचे आजोबाही हसले. मग अण्णा कॉफीला गेले. जाताना त्यांनी फाईल न मागताच माझ्या मांडीवर ठेवली. मी तुझी फाईल उघडली. सगळ्यात वरचा कागद वाचला. सगळे आकडे वाचले.

"बोल की," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "छान आहे. तुझंही छान आहे."

मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. अण्णांनी हात जोडले नाहीत, डॉक्टरांनी बाजूला घेतलं नाही. माझा कागद कोरा निघाला होता, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तुझा कागद तुला वाचून दाखवायला माझी जीभ उचलेना. एवढंच खरं आहे. मी भ्यालो. तू माझ्याकडे बघितलंस, जरा जास्त वेळ, मग "सरी" म्हणालीस आणि डबा उघडलास. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर तू तीन महिने होतीस. त्यात तीन गुरुवार तू आली नाहीस, ताप होता म्हणालीस. मी तेही धरून चाललो. बाकी गुरुवारी आपण बाकावर बसून काय वाटेल ते बोललो. फाईल मात्र तू मला पुन्हा वाचायला सांगितली नाहीस. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं. मग तुझं येणं थांबलं, मी घरी येऊ लागलो, आणि तुझ्या खोलीत तुझी आई कधी हलायचीच नाही. एकदाच ती पाणी आणायला उठली. तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, आणि तू म्हणालीस, "तुझ्या भुवया आल्या बघ. डावी अजून वरच आहे."

अण्णांचा फोन आला तेव्हा आईने मला शेवटच्या दर्शनाला जाऊ दिलं नाही. माझ्या पेशी कमी होत्या, गर्दीत जायचं नव्हतं. चौथ्या दिवशी आलो. सगळे होते, सुमित्रा नव्हती, आणि तिचं नाव कुणी काढत नव्हतं. त्या क्षणापासून माझं बसणं संपलं. माझ्या एका शब्दाने तुझं आनेकल राहिलं, हे डोक्यातून जाईना. तुला वाटत राहिलं असणार की केस येतील, वेळ आहे. तुझं आयुष्य मी वाचवू शकणार नव्हतो, ते माझ्या हातात नव्हतंच. आनेकल माझ्या हातात होतं.

परवा मी आईला म्हटलं, मला माझी फाईल दे. पत्ता हवा होता. मला वाटलं ती कारणं सांगेल. तिने कपाट उघडलं, फाईल काढून दिली आणि म्हणाली, "आता तुला कोण वाचून सांगणार?"

मी आईलाच विचारलं, तुला माहीत होतं?

"नाहीतर ओळख ना पाळख, अशा मुलीच्या हातात तुझी फाईल कशाला दिली असती मी?" आई म्हणाली. "पहिल्या दिवशी ती तुझ्याएवढीच दिसली, तिला सगळं कळतंय असं दिसलं. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता रे." मग ती कणीक मळायला गेली. अण्णांनीही मला फाईल उगाच दिली नव्हती, हे मला तेव्हा समजलं. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस दर गुरुवारी बरोबर त्याच वेळी कॉफीला जायचा.

आनेकलच्या स्टँडमागे हातमागांची गल्ली आहे, आतून खटखट चालू असते. निळं दार उघडलं आणि समोर तू होतीस, केसांसकट. मी काही बोलायच्या आत सुमित्रा म्हणाली, "शिरीष ना? भुवयांवरून ओळखलं." मी बातमी सांगायची कशी हे बसमध्ये दोन तास घोकत आलो होतो. पण फळीवर अण्णांचं बातमीचं पोस्टकार्ड ठेवलेलं होतं. चार वर्षांतलं पहिलं.

वसुधा, तू आली होतीस तिथे. हे मला तिच्याकडून कळावं? तीन गुरुवार, तीनदा. कुबडी घेऊन, बस बदलून. अण्णाच घेऊन आले होते, पण पहिल्या दोन खेपांना ते स्टँडवरच बसून राहिले आणि तिसऱ्या खेपेला आत येऊन कॉफी प्यायले, एक शब्द न बोलता. पहिल्या दिवशी तू दारातच स्कार्फ काढलास आणि म्हणालीस, रडायचं नाही, मी भांडायला आले आहे. सुमित्रा सांगत होती की दोन तास भांडलीस. जेवताना भांडलीस. तिनेही सोडलं नाही, तीही मागचं सगळं काढत गेली, कुणी कुणाची रिबीन घेतली होती इथपर्यंत. मग दोघी दमलात आणि झोपलात.

मी विचारलं, आत्ताच का आली, असं काही बोलली का?

सुमित्रा म्हणाली, "मीपण तेच विचारलं. म्हणाली, शिरीषने फाईल वाचली आणि छान आहे म्हणाला. आकडा एक सांगितला नाही. म्हणून आले."

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभा राहिलो. आधी इतकं हलकं वाटलं की शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं. मग राग आला, तो अजून गेलेला नाही. तुला त्याच मिनिटाला कळलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून तू तुझी फाईल वाचलीस आणि दहीभाताचा डबा उघडलास. आणि मग तीन महिने मला खोटारडा म्हणून बाकावर बसू दिलंस. कायदा मी मोडला, पण तूही मोडलास. तू एकदा कुबडी मारून "किती? छान म्हणजे किती?" म्हणाली असतीस तर मी सांगितलं असतं. मग आपण दोघं रडलो असतो, आणि आनेकलला मी तुझ्याबरोबर आलो असतो, अण्णांच्या शेजारी स्टँडवर बसलो असतो. माझा कागद कोरा आला होता म्हणून तू मला सोडून दिलंस का? मला ते नको होतं. हे तुला कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. आणि तू नसतीस तर मी अजून टीबीची गाठ घेऊन दोन वॉर्डांच्या मधे उभा असतो, हेही.

या गुरुवारी माझी तपासणी आहे. फाईल माझ्या हातात असेल. पण त्याआधी तुझी एक फाईल वाचायची राहिली आहे. त्या दिवसाचा कागद मला पाठ आहे. ठरल्याप्रमाणे आधी आकडे सांगतो.

उजव्या फुप्फुसात चार गाठी. डाव्या फुप्फुसात तीन. सगळ्यात मोठी चार सेंटिमीटर, उजवीकडे, खाली. उजव्या बाजूला थोडं पाणी.

माझं मत असं, वसुधा. केसांची वाट बघू नकोस. आनेकलला जा.